मास्तर, बाई आणि सेविका

मराठी कथात्म साहित्यातला खेड्यातला शिक्षक बहुधा पुरुष असतो आणि बाहेरून आलेला असतो. ‘बनगरवाडी’तला (१९५५) तरुण मास्तर धनगरांच्या वाडीत पायी येतो, वाडी त्याला हळूहळू आपलासा करते, आणि दुष्काळाने ती उठल्यावर तो एकटा निघून जातो. कादंबरी थोर आहेच. अडचण आहे ती हाच साचा आपण सातपुड्यालाही लावतो याची.

अनुताई वाघांच्या ‘कोसबाडच्या टेकडीवरून’मध्ये तो साचा अर्धा मोडतो. शिकवणारी स्त्री आहे, आणि शाळाच मुलांकडे जाते, कधी अंगणात, कधी गुरांमागे कुरणात. ‘अंगणवाडी’ हा शब्दही ताराबाई मोडकांचा. पण या दोघीही पाड्यावर बाहेरूनच आल्या होत्या.

आता नंदुरबार पाहा. अक्राणी, अक्कलकुव्याकडच्या मुलाच्या घरात पावरी किंवा भिलोरी बोलतात. मराठी त्याला पहिल्यांदा भेटते ती बहुतेकदा अंगणवाडीत. तिथली बाई पाड्यातलीच. दोन भाषांमधला पहिला अनुवाद तिच्या तोंडी होतो. १९७५ साली योजना आली तेव्हापासून ही जागा बायकांचीच, आणि नावेही तशीच ठेवली: शिक्षिका नव्हे, सेविका, पगार नव्हे, मानधन. शेजारच्या जिल्हा परिषद शाळेत मात्र ‘शिक्षक’ आणि वेतनश्रेणी. १९९४च्या ३० टक्के आरक्षणाने तिथे बायकांना वाट मिळाली, पण त्या वाटेवर पाड्यातली मुलगी कितपत पोचणार? २०११च्या जनगणनेत जिल्ह्याची एकूण साक्षरता ६४ टक्क्यांच्या आसपास, राज्यात सर्वांत कमी. स्त्रियांची त्याहून खाली. अनुसूचित क्षेत्रात शिक्षकाच्या सगळ्या जागा स्थानिक आदिवासींना देण्याचा आंध्रातला आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली रद्द केला. तेव्हा वाद झाला तो समानतेचा आणि गुणवत्तेचा. मुलाला शिकवणारीची भाषा कळते का, हा मुद्दा मागेच राहिला.

‘गोधड’चे कवी वाहरू सोनवणे याच जिल्ह्यातले. आदिवासींचे दुःख आदिवासींना कोण सांगते, हा त्यांच्या ‘स्टेज’ कवितेचा प्रश्न. समीक्षेने ती आदिवासी आणि बाहेरचे कार्यकर्ते यांच्यातली कविता म्हणून वाचली. बरोबरच वाचली, पण तेवढ्यावर थांबली. स्टेजखाली बसलेल्यांतही पुरुष पुढे आणि बायका मागे असतात, हे आपण त्या कवितेला कधी विचारले नाही.

सेविका रोज लिहिते. हजेरी, वजन, शिजवलेला आहार, असे रकान्यामागून रकाने, सारे मराठीत. त्याच दिवशी पोरांना सांगितलेली गोष्ट मात्र पावरीत असते, आणि तिला त्या नोंदवहीत रकाना नाही.