नापासाचा मान

विधु विनोद चोप्रा यांचा 'ट्वेल्थ फेल' हा हिंदी चित्रपट ऑक्टोबर २०२३ मध्ये प्रदर्शित झाला. अनुराग पाठक यांच्या त्याच नावाच्या पुस्तकावर तो आधारलेला आहे. पुस्तकाचे नायक मनोजकुमार शर्मा हे पुढे महाराष्ट्रातच आयपीएस अधिकारी म्हणून रुजू झाले, त्यामुळे ही कथा आपल्याला अगदीच परकी नाही. अनेक पालकांनी हा चित्रपट मुलांना मुद्दाम दाखविला. त्यांनी त्यातून नेमके काय घ्यावे, याचा विचार आम्हांला अगत्याचा वाटतो.

कथेचा आरंभ चंबळ खोऱ्यातील एका शाळेत होतो. बारावीची परीक्षा चालू आहे आणि शाळाच मुलांना उत्तरे पुरवीत आहे. येथे कॉपी ही मुलांची चोरटी खोडी उरत नाही. ती वडीलधाऱ्यांनी उभारलेली व्यवस्था ठरते. दुष्यंतसिंह नावाचा पोलीस अधिकारी ती मोडतो आणि मनोजचा वर्ग नापास होतो. पुढील वर्षी कॉपीची वाट पुन्हा मोकळी होते. मनोज मात्र स्वतःच्या बळावर उत्तरे लिहितो आणि तृतीय श्रेणीत उत्तीर्ण होतो. आमच्या मते चित्रपटाचा नैतिक कळस हाच आहे. ती तृतीय श्रेणी त्याची स्वतःची आहे. विक्रांत मॅसी यांनी हा मुलगा कोणताही आव न आणता उभा केला आहे.

पुढे कथा ग्वाल्हेरमार्गे दिल्लीच्या मुखर्जीनगरात जाते. पिठाच्या गिरणीत राबून केलेला अभ्यास, हुकलेले प्रयत्न आणि शेवटच्या संधीत लाभलेले यश, हा सारा भाग मन हेलावणारा आहे. पण येथेच आमची शंका उभी राहते. प्रामाणिकपणाच्या पदरात अखेरीस मोठे पद पडते, म्हणून प्रेक्षक समाधानाने घरी जातो. समजा, त्या मुलाखतीत मनोजची निवड झाली नसती, तर त्याचा प्रामाणिकपणा वाया गेला असता काय?

याचे उत्तर चित्रपटात आहे. पण ते एका कडेला उभे आहे. गौरीभैया स्पर्धा परीक्षेच्या सर्व संधी संपूनही निवडला जात नाही. तो चहाची टपरी चालवितो आणि मागून येणाऱ्या मुलांना हात देतो. सचोटीने झटून अपयशी ठरलेला आणि तरीही न खचलेला हा माणूस आम्हांला नायकाइतकाच मोठा वाटतो. दिग्दर्शकाने त्याला नायकाचा आधार म्हणून वापरले. त्याच्या स्वतःच्या दुःखापाशी तो फारसा थांबला नाही. ही या चांगल्या चित्रपटाची उणीव होय.

ही उणीव आपल्या घरांतही आहे. परीक्षेतील गैरप्रकारांविरुद्ध महाराष्ट्रात १९८२ पासून कायदा आहे. बारावीच्या केंद्रांवर भरारी पथके फिरतात, तरीही खिडकीतून चिठ्ठ्या आत जातात. दुष्यंतसिंह सगळीकडे पोहोचू शकत नाही. निकालाच्या दिवशी शेजारी टक्के विचारतात, चौकातील फलकांवर शिकवणीवर्गांचे गुणवंत झळकतात, आणि सत्तर टक्के मिळविणारे मूल मान खाली घालून घरात शिरते. कमी गुणांची लाज आपण शिकवितो. चोरलेल्या गुणांची लाज मात्र क्वचितच शिकवितो. मग मुलाने चिठ्ठी खिशात घातली, तर त्या पापातील आपला वाटा कोणता, हे आपणही तपासले पाहिजे.

परीक्षेच्या दिवसांत आपण मिस्सेत विद्यार्थ्यांच्या यशासाठी प्रार्थना करतो. त्या प्रार्थनेत आणखी एक मागणे असावे, असे आम्हांला वाटते: न येणारे उत्तर कोरे सोडण्याचे धैर्य मुलांना लाभो, आणि ती कोरी जागा पाहूनही त्यांना जवळ घेण्याचे धैर्य आम्हां पालकांना लाभो.