इंग्रजीची परीक्षा आणि तंजावरचा दाखला

भाषाक्षमतेच्या परीक्षेची सप्रमाणता हा त्या परीक्षेच्या अंगचा स्थिर गुण नव्हे. गुणांवरून काढलेले अनुमान आणि त्या आधारे घेतलेला निर्णय कितपत समर्थनीय आहेत, हा सप्रमाणतेचा खरा प्रश्न होय. सॅम्युएल मेसिक यांनी १९८९ मध्ये मांडलेली ही भूमिका तंजावरच्या एका जुन्या दाखल्यावर तपासून पाहण्याजोगी आहे.

मार्च १८२६ मध्ये कलकत्त्याचे बिशप रेजिनल्ड हेबर तंजावरास आले. श्वार्ट्झ या मिशनऱ्याच्या देखरेखीखाली शिकलेल्या सरफोजी राजांविषयी त्यांनी पत्रात प्रशंसोद्गार काढले. लाव्हाझिए, लिनियस, ब्यूफाँ यांचे दाखले राजे सहज देतात आणि शेक्सपिअरची त्यांची पारख बायरनपेक्षा अचूक आहे, असा त्यांचा आशय. ही औपचारिक परीक्षा नव्हती. तरी मेसिक यांनी सांगितलेले दोन्ही दोष तीत आढळतात. बायरनशी केलेली तुलना राजांच्या भाषेपेक्षा हेबर यांच्या अभिरुचीविषयी अधिक सांगते. म्हणजेच मापनात असंबद्ध घटक शिरला आहे. दुसरीकडे, अभिप्रेत क्षमतेचा मोठा भाग मापनाबाहेर राहिला आहे. सरफोजींनी पाश्चात्त्य विद्येचे फलित मराठीत आणले. जगाचा भूगोल सांगणारी ‘देवेंद्र कुरवंजी’ ही त्यांची मराठी रचना, तसेच त्यांच्या मुद्रणालयातून निघालेले इसापच्या कथांचे मराठी रूप, ही त्याची साक्ष होय. दिवाणखान्यातील संभाषणात ही क्षमता दिसणे शक्य नव्हते.

१९८९ पासून प्रचलित असलेल्या आयईएलटीएस या परीक्षेत श्रवण, वाचन, लेखन व संभाषण यांचे मापन ठरावीक पद्धतीनुसार, आणि त्यांपैकी लेखन व संभाषण यांचे ठरावीक निकषांनुसार प्रशिक्षित परीक्षकांकडून होते. एका पाहुण्याच्या अभिप्रायापेक्षा ते निश्चितच अधिक विश्वसनीय आहे. परंतु विश्वसनीयता म्हणजे सप्रमाणता नव्हे. दोन भाषांमध्ये वावरण्याची क्षमता येथेही मापनाबाहेरच राहते. परीक्षा तसा दावा करीत नाही, हा आक्षेप रास्त आहे. मात्र त्यामुळे जबाबदारी नाहीशी न होता गुण वापरणाऱ्या संस्थेकडे जाते. व्याख्याने समजण्यापुरते इंग्रजी आहे की नाही, हे ठरविण्यासाठी त्या गुणांचा आधार घेणे समर्थनीय आहे. तौलनिक साहित्याच्या विभागाने त्याच गुणांवरून उमेदवाराची एकंदर भाषिक योग्यता ठरविली, तर त्या अनुमानास पुरावा उरत नाही. आणि प्रवेश नाकारला गेल्यास त्याची किंमत विद्यार्थ्यास मोजावी लागते.

युरोपीय परिषदेच्या भाषाविषयक संदर्भ-चौकटीच्या २०१८ मधील पूरक खंडाने भाषांमधील मध्यस्थीच्या क्षमतेची तपशीलवार वर्णने दिली आहेत. अशी क्षमता मापनाच्या कक्षेत आणता येते, हे त्यावरून दिसते. तोवर तौलनिक साहित्याच्या विभागांनी इंग्रजीच्या गुणांसोबत उमेदवाराचे भाषांतर व त्यावरील टिपण मागवावे. हेबर यांच्या अभिप्रायातून जे निसटले, ते तपासण्याचा हा किमान मार्ग आहे.