पुण्णा थेरीची गाथा आणि आजचा काव्यानुवाद

प्राचीन बौद्ध वाङ्मय काव्याच्या द्वारे आजच्या वाचकापर्यंत न्यावे, असा आग्रह अलीकडे पुष्कळ ठिकाणी दिसतो. त्याला आमचा विरोध नाही. गाथा मुळात कानासाठी रचल्या गेल्या, पिढ्यान्‌पिढ्या मुखोद्गत राहिल्या आणि बऱ्याच काळानंतर लेखनिविष्ट झाल्या. त्यांचे कोरडे विवरण हाती देऊन वाचकाला धम्म कळला असे मानणे योग्य नव्हे. परंतु ‘सुलभ करणे’ या शब्दाच्या आड काय काय घडू शकते, याची चिकित्सा आपल्याकडे पुरेशी झालेली नाही. ती एकाच गाथेच्या आधारे करावी असे आम्ही योजिले आहे.

ही गाथा थेरीगाथेतील आहे. खुद्दकनिकायातील या संग्रहात ७३ रचना असून गाथांच्या संख्येनुसार त्यांचे निपात पाडले आहेत. सोळा गाथांच्या निपातात एकच रचना आहे, ती पुण्णेची. तिलाच पुण्णिका असेही म्हणतात. ही पाणी भरणारी दासी. कडाक्याच्या थंडीत मालकिणींच्या दंडाच्या आणि शिवीगाळीच्या भयाने आपण सदा पाण्यात उतरत असू, असे ती सांगते. त्याच पाण्यात थंडीने कापणारा एक ब्राह्मण तिला दिसतो. तू कुणाला भिऊन पाण्यात उतरतोस, असे ती त्याला विचारते. पापक्षालनासाठी, असे त्याचे उत्तर. त्यावर ती म्हणते की, स्नानाने मुक्ती मिळत असेल तर बेडूक, कासवे आणि सुसरी आधी स्वर्गाला जातील. नदी पाप वाहून नेत असेल तर पुण्यही वाहून नेईल. ज्याची भीती वाटते ते पापच करू नकोस, उगाच थंडीने अंग का पोळून घेतोस? ब्राह्मण निरुत्तर होतो व तिला वस्त्र देऊ करतो. ती ते नाकारते आणि त्याला त्रिशरणाचा व शीलाचा मार्ग दाखविते.

या रचनेचे सामर्थ्य कशात आहे, हे काव्यानुवाद करणाऱ्याने प्रथम ओळखले पाहिजे. पुण्णा आपल्या पाण्यात उतरण्याविषयी जे शब्द वापरते, तेच शब्द ती ब्राह्मणाच्या उतरण्याविषयी वापरते. एकाच घाटावर दोन भये उभी आहेत. दासीचे भय खरे आहे. तिच्या पाठीवर काठी पडते. ब्राह्मणाचे भय शिकविलेले आहे; एका अजाणाने दुसऱ्या अजाणाला ते सांगितले आहे. शब्दांची ही पुनरुक्ती म्हणजेच या काव्याचा कणा होय. ती कंटाळवाणी म्हणून गाळणारा कवी सौंदर्य वाढवीत नाही, तो विचार गाळतो.

शेवटच्या गाथेतही असेच घडते. पूर्वी मी नावाचा ब्राह्मण होतो, आज खरा ब्राह्मण झालो, असे तो म्हणतो आणि स्वतःला ‘न्हातक’ म्हणवितो. न्हातक म्हणजे स्नातक, न्हालेला. पाण्याने न्हाऊन जो शुद्ध झाला नाही, तो एका दासीच्या युक्तिवादाने न्हाला. मराठीत ‘न्हाणे’ हे क्रियापद आजही घरोघरी आहे. तेव्हा इंग्रजी अनुवादकाला तळटीप द्यावी लागेल तेथे मराठी कवीचे काम एका शब्दात होते.

पाली आणि मराठी यांचे हे नाते जितके उपकारक तितकेच फसवे आहे. याच संग्रहातील मुत्ता थेरी तीन वाकड्या वस्तूंपासून सुटल्याचे सांगते. त्यांपैकी दोन, उदुक्खल आणि मुसल, मराठीत उखळ आणि मुसळ म्हणून सहज उतरतात. तिसरी वस्तू म्हणजे तिचा ‘खुज्ज’ पती. त्याला मराठीत ‘खुजा’ म्हटले की चूक झाली. मराठीत खुजा म्हणजे बुटका. पालीत खुज्ज म्हणजे कुबडा, वाकलेला. तीन वाकडेपणांची योजना त्या एका शब्दाने मोडते. पुण्णेच्या गाथेत तर अधिक नाजूक प्रसंग आहे. स्नानाने मुक्त होणाऱ्यांच्या यादीत ती मासे मारणारे आणि हरणे पकडणारे यांचाही उल्लेख करते. तेथे ‘कोळी’, ‘पारधी’ असे शब्द योजले तर कर्माविषयीचे विधान जातीविषयीचे होऊन बसेल, आणि ज्या समाजांनी जन्माच्या शिक्क्याखाली शतके काढली त्यांच्यावर बुद्धवचनाच्या नावे नवा शिक्का बसेल. संबोधनाचेही तसेच. ब्राह्मण या दासीला ‘भोति’ असे आदरार्थी संबोधन वापरतो. मराठी अनुवादात तो तिला ‘अगं’ म्हणणार की ‘बाई, आपण’ म्हणणार, या निवडीत संपूर्ण सामाजिक अर्थ सामावलेला आहे.

आणखी एक गोष्ट. धम्मपालांच्या अट्ठकथेत पुण्णेच्या दास्यत्वाचे कारण तिच्या पूर्वजन्मीच्या अहंकारात शोधले आहे. मूळ गाथेत हे कोठेही नाही. पुण्णा कारण म्हणून आपल्या मालकिणींकडे बोट दाखविते, पूर्वजन्माकडे नव्हे. ही कथा काव्यरूपात सांगणाऱ्याने गाथा कोणती आणि अट्ठकथा कोणती हे वेगळे ठेवले नाही, तर दासीच्या तोंडून तिच्याच दास्यत्वाचे समर्थन वदविल्यासारखे होईल.

थेरीगाथेच्या इंग्रजी अनुवादांकडे या दृष्टीने पाहणे उद्बोधक ठरेल. १९०९ साली श्रीमती ऱ्हीस डेव्हिड्स यांनी तिचा पद्यानुवाद केला. शीर्षकात त्यांनी ‘साम्स’ हा ख्रिस्ती स्तोत्रांचा शब्द घेतला. ज्या वाङ्मयात स्तुती करावयास ईश्वरच नाही, त्याला ईशस्तोत्राचे नाव मिळाले. १९७१ साली के. आर. नॉर्मन यांनी काटेकोर शब्दशः अनुवाद दिला. तो अभ्यासकांचा आधार ठरला, पण सामान्य वाचकाला तो रुक्ष वाटतो. २०१५ साली चार्ल्स हॅलिसी यांनी मूळ पालीसह कवितारूप अनुवाद सिद्ध केला. या तिघांविषयी मतभेद असू शकतात. परंतु तिघेही मूळ संहितेला उत्तरदायी राहिले.

२०२० साली अमेरिकेत ‘द फर्स्ट फ्री विमेन’ हे मॅटी वाइनगास्ट यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. आरंभी ते थेरींच्याच कविता म्हणून वाचकांपुढे आले आणि पुष्कळांना आवडले. पुढे पालीच्या जाणकारांनी, त्यांत भिक्खुनीही होत्या, त्यातील अनेक कवितांचा मूळ गाथांशी फारसा संबंध नसल्याचे दाखवून दिले. नंतर उपशीर्षक बदलून त्या ‘थेरींपासून स्फुरलेल्या स्वतंत्र कविता’ असल्याचे सांगण्यात आले. कवीने स्फूर्ती घेतली यात दोष नाही. परंतु ज्या स्त्रियांचे स्वतःचे शब्द दोन सहस्रकांहून अधिक काळ टिकले, त्यांच्या नावावर आजच्या पुरुषाचे शब्द खपावेत, ही गोष्ट आम्हाला गंभीर वाटते. आपल्या वतीने दुसऱ्याने बोलणे म्हणजे काय असते, हे आमच्या समाजाला कोणी शिकवावयास नको.

मग मूळ वाङ्मयातून निवड करूच नये काय? तसे मुळीच नाही. १९५० साली ‘महाबोधि’ मासिकातील लेखात बाबासाहेबांनी बौद्ध वाङ्मयाच्या अफाट विस्ताराची अडचण मांडली, एका लहान ग्रंथाची गरज सांगितली आणि त्याची शैली सुबोध व अंतःकरणाला भिडणारी हवी, असा आग्रह धरला. १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ प्रकाशित झाला. त्याच्या प्रास्ताविकात आपल्यापुढील चार प्रश्न त्यांनी उघडपणे मांडले आहेत. आपण कोणत्या कसोटीने निवडतो हे वाचकापासून त्यांनी लपविले नाही. आमच्या मते सुलभीकरणाचा प्रामाणिक मार्ग हाच होय.

स्वतंत्र कवितेलाही आपल्याकडे मानाचे स्थान आहे. हिरा बनसोडे यांची ‘यशोधरा’ ही अनुवाद असल्याचा दावा करीत नाही. ती आजच्या स्त्रीने यशोधरेशी केलेली बातचीत आहे. दया पवारांच्या कवितेतील बुद्ध लेण्यांच्या शिल्पात सापडत नाही, दुःखितांच्या झोपड्यांतून चालताना दिसतो. या कवितांनी धम्म आमच्याजवळ आणला तो स्वतःच्या नावाने बोलून.

याउलट आपल्याकडील काही गेय रचनांत मात्र वेगळाच धोका संभवतो. ओवी-अभंगाचा छंद घेताना त्याबरोबर कृपा, चरण, प्रभू, तारणे हे शब्दही नकळत येतात. छंद निर्दोष आहे. परंतु त्या शब्दांनी स्वतःच्या प्रयत्नाने मुक्त झालेली थेरी कुणाच्या तरी कृपेची याचक होते. पुण्णेने तर देऊ केलेले वस्त्रसुद्धा घेतले नाही.

हे सारे केवळ वाङ्मयीन काथ्याकूट नव्हे. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी प्राशन केले, तेव्हा सनातन्यांनी ते तळे गोमूत्र-शेणाने ‘शुद्ध’ केले. पाण्याने माणूस शुद्ध होतो, असे पुण्णेच्या ब्राह्मणाला वाटत होते. माणसाने पाणी बाटते, असे महाडच्या सनातन्यांना वाटले. दोहोंच्या मुळाशी एकच अज्ञान आहे, आणि त्याला पहिल्यांपैकी एक उत्तर पाणी भरणाऱ्या एका दासीने दिलेले आहे. ते उत्तर आमच्या माता-भगिनींना मराठीत, तिच्याच युक्तिवादासह ऐकावयास मिळाले पाहिजे.

आमची सूचना साधी आहे. वर्षावासात विहारांतून ग्रंथवाचन होतेच. त्यात एके दिवशी पुण्णेच्या सोळा गाथा आधी पालीत म्हणाव्यात, मग त्यांचा मराठी काव्यानुवाद वाचावा, आणि अनुवादकाने कोठे काय बदलले ते दोन वाक्यांत सांगावे. ऐकणाऱ्या बाईने घरी जाताना बेडकांचा दाखला आपल्या शब्दांत शेजारणीला सांगितला, तर अनुवाद साधला असे समजावे.