चेहऱ्यांचा बाजार, रेघेची हेळसांड

जपानी अ‍ॅनिमेशनच्या मूळ चित्रांची खरेदी-विक्री आता टोकियोच्या नाकानो भागातल्या दुकानांपुरती राहिलेली नाही. अमेरिकेत डॅलसमध्येही त्यांचे मोठे लिलाव होतात. त्यांचे कॅटलॉग चाळताना माझा संताप दरवेळी वाढतो. पानामागून पान तेच : लाडकं पात्र, मोठा चेहरा, उघडे डोळे, नजर थेट आपल्याकडे. मागे त्याच दृश्याची पार्श्वभूमी असली की भाव आणखी चढतो. पात्राचं नाव ठळक अक्षरात असतं. चित्र कोणी काढलं हे बहुतेकदा कुठेच नसतं.

ही सगळी पूजा सेलची, म्हणजे अ‍ॅसिटेटच्या पारदर्शक पत्र्यावर रंगवलेल्या चित्राची, आहे. ‘हाताने काढलेलं’ म्हणून जो सेल विकला जातो, त्यावरची काळी रेघ बहुतेक वेळा ट्रेस मशीनने कार्बनमधून उमटवलेली असते. रंग मागच्या बाजूने, आधी ठरवून दिलेल्या क्रमांकांप्रमाणे भरलेले असतात. त्या रंगकामाला कसब लागायचं, आणि ते करणाऱ्यांत मोठा वाटा असलेल्या बायकांची नावंही कोणी जपली नाहीत. पण चित्र कसं हलेल, हे तिथे ठरत नव्हतं. ते त्याआधी, कागदावर, पेन्सिलीने ठरलेलं असायचं. या कागदाला जपानी स्टुडिओत गेंगा म्हणतात, आणि माझ्या लेखी संग्रह करण्याजोगी पहिली वस्तू तीच.

एक गेंगा नीट बघा. वरच्या काठाला तीन छिद्रं, मधलं गोल, बाजूची दोन लांबट. मुख्य रेघ काळ्या पेन्सिलीची. सावली कुठे सुरू होते ती सीमा रंगीत पेन्सिलीने आखलेली. कोपऱ्यात वर्तुळातला क्रमांक. शेजारी एक छोटी आडवी पट्टी आणि तिच्यावर खुणा : या चित्रापासून पुढच्या चित्रापर्यंत मधली किती चित्रं काढायची आणि ती कोणत्या बाजूला दाट ठेवायची. हात वेगाने सुटतो की जड होऊन थांबतो, हे त्या चार खुणांत असतं. वर अ‍ॅनिमेशन दिग्दर्शकाने पातळ रंगीत कागदावर केलेली दुरुस्ती टाचलेली असेल तर दोन चित्रकारांचा वाद आपल्यासमोर उलगडतो. हनुवटी अर्धा मिलिमीटर खाली का आली, हे समजून घेण्यात मला जो आनंद मिळतो तो कुठल्याही चकचकीत सेलने दिलेला नाही.

अ‍ॅनिमेटर योशिनोरी कानादाची आग घ्या. ‘हार्मागेडॉन’ (१९८३) मधल्या त्याच्या ज्वाळा सुट्या कागदावर विचित्र कोनांचा गुंता वाटतात. ओळीने पाहिल्या की त्यांतून ड्रॅगन उठतात. मित्सुओ इसोने त्याच्याही पुढचं केलं. सेकंदाला चोवीस फ्रेम, प्रत्येक चित्र तीन फ्रेम, म्हणजे सेकंदाला आठ चित्रं, हे टीव्हीचं काटकसरीचं गणित. इसोने त्यातली मधली चित्रं दुसऱ्यांवर सोपवणंच बंद केलं आणि प्रत्येक चित्र गेंगा म्हणून स्वतः काढलं. १९९७च्या ‘द एंड ऑफ इव्हँजेलियन’ मधल्या आसुकाच्या लढाईचं वजन तिथून येतं. ती चालवते त्या अवाढव्य यंत्राला पाऊल उचलायला कष्ट पडतात, हे आपल्याला अंगात जाणवतं. आसुकाचा एक सुंदर चेहरा भिंतीवर लावून यातलं काय हाती लागणार?

पार्श्वभूमींबद्दल बोलायची गरज नाही. पार्श्वभूमी-चित्रकार काझुओ ओगाला त्याचा मान मिळालेला आहे. छापील ‘मर्यादित आवृत्ती’ सेल म्हणजे स्मरणवस्तू, त्यांचा कलेशी संबंध नाही.

खरा गुन्हा वेगळाच आहे. एका कटचं, म्हणजे एका सलग शॉटचं, सगळं साहित्य एका पाकिटात असायचं : लेआउट, गेंगा, दुरुस्त्या, टाइमशीट. विक्रेते ते पाकीट फोडतात. चेहऱ्याचा कागद एकाला, हाताचा दुसऱ्याला, आणि टाइमशीटला गिऱ्हाईक नाही म्हणून ती रद्दीत. तानेतला एक सूर कापून विकावा तसं हे आहे. टाइमशीट गेली की कोणतं चित्र किती फ्रेम थांबत होतं हे समजायचा मार्गच संपतो.

बाजाराची बाजू घेणारे म्हणतात, स्टुडिओ सेल कचऱ्यात टाकत होते, संग्राहकांनी ते वाचवले. अगदी खरं. पण काय वाचवायचं हे त्यांनी चेहरे बघून ठरवलं. आणि जे वाचवलं त्याचा अ‍ॅसिटेट कुजतो आहे, व्हिनेगरचा वास सुटतो आहे, कार्बनची रेघ फिकटते आहे. स्टुडिओच्या भरवशावर राहणंही धोक्याचं. १८ जुलै २०१९च्या क्योटो अ‍ॅनिमेशनच्या आगीत ३६ माणसं गेली. त्यांच्यासोबत त्या इमारतीतले कागदही गेले. दिग्दर्शक हिदेआकी आन्नोने पुढाकार घेऊन २०१७ मध्ये अ‍ॅनिमे आणि तोकुसात्सुच्या (स्पेशल इफेक्ट्सच्या जपानी चित्रपट-मालिकांच्या) साहित्याच्या जतनासाठी संस्था उभी केली, ती याच काळजीतून. अशा संस्थांना फुटलेल्या पाकिटांतून काय मिळणार?

आपल्याकडे तरी वेगळं काय झालं? युगो साको आणि राम मोहन यांचा ‘रामायण’ हा अ‍ॅनिमेशनपट जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा झळकला. बातम्यांत लाखभर हातचित्रांचा आकडा गाजला. कुठला प्रसंग कोणाच्या हातचा, हे विचारणारा एकही मराठी लेख माझ्या वाचनात आला नाही. चित्रांची संख्या मोजणं आणि चेहऱ्याला भाव देणं, दोन्हींत चित्रकार बेपत्ता होतो.

नवे सेल आता येणार नाहीत; ‘साझाए-सान’ या मालिकेने २०१३ मध्ये शेवटचा टीव्ही सेल रंगवला. त्यामुळे सेलचे भाव वाढतच राहणार, आणि पाकिटं फोडण्याचा मोहही. पुण्या-मुंबईतली तरुण मुलं आता ऑनलाइन बोली लावतात. त्यांना माझं सांगणं आहे : सुटा चेहरा घेऊ नका. पैसे साठवा आणि एखादा अख्खा कट घ्या, मग त्यात नुसतं दार उघडत असलं तरी चालेल. पाकीट फोडून विकणाऱ्याकडून काहीच घेऊ नका. आणि तुमच्याकडे आधीच अख्खं पाकीट असेल तर टाइमशीटसकट क्रमाने स्कॅन करून एखाद्या अ‍ॅनिमेशन शिकणाऱ्या मुलाच्या हाती द्या.