नाव राहिलं, गुहा गेली

संशोधनाला सुरुवात करताय? मग राल्फ श्मित्झ आणि सहकाऱ्यांचा निअँडर खोऱ्यावरचा २००२ चा शोधनिबंध जरूर वाचा.

जर्मनीत ड्युसेल नदीच्या या खोऱ्यात १८५६ साली चुनखडीच्या खाणीतल्या मजुरांनी एका लहान गुहेतली माती खाली लोटली. त्यातल्या हाडांवरून निअँडरथल मानव जगाला कळला. जवळच्या फेल्डहोफ या शेतवाडीवरून गुहेचं नाव पडलं: क्लाइने फेल्डहोफर ग्रोट्टे, म्हणजे फेल्डहोफची छोटी गुहा. चार्ल्स लायेल यांनी १८६० मध्ये जागा पाहिली, पुढे तिचं रेखाचित्रही छापलं. पण खाणीने अख्खा कडाच खाल्ला. मग चित्र जुळवायचं कशाशी?

१९९७ मध्ये श्मित्झ आणि युर्गेन थिस्सेन यांनी गुहेऐवजी तिची लोटलेली माती शोधली. त्यात मिळालेला एक तुकडा १८५६ च्या मांडीच्या हाडाला बरोब्बर जुळला! जागेचा याहून पक्का पुरावा कुठला?

निबंधाची मर्यादाही त्याच मातीत आहे. शेजारच्या फेल्डहोफर किर्शे या गुहेची मातीही तिच्यात मिसळली होती. त्यामुळे एखादं दगडी हत्यार नेमकं कुठल्या गुहेतलं, कुठल्या थरातलं, हे ठरवणं अवघड. ढीग सापडला म्हणून थर परत मिळत नाहीत. हा दोष लेखकांचा नाही, पण निष्कर्ष वाचताना तो विसरू नका.

तुम्ही फील्डवर जाल तेव्हा गुहेला नाव जरूर द्या. त्याआधी अक्षांश-रेखांश आणि नदीपात्रापासूनची उंची वहीत लिहा. खाण कुणासाठी थांबत नाही.