डॉक्टरकी सोडली, पण नेमकी कधी? ‘लमाण’, एक सिनेमा आणि आमच्याकडची जाखडी

या ब्लॉगवर एरवी मी स्फटिक, द्रावणं आणि माझ्या गाइडच्या लाल शेऱ्यांबद्दल लिहिते. आज नाटकाबद्दल लिहिणार आहे. पण पद्धत तीच ठेवते: दावा काय आहे, पुरावा काय आहे आणि नमुना कुठून घेतलाय.

दावा तुम्ही शंभर वेळा ऐकला असेल. डॉ. श्रीराम लागूंनी बेचाळिशीत चांगली चाललेली डॉक्टरकी सोडली, रंगभूमीवर उडी घेतली आणि ‘नटसम्राट’ झाले. म्हणून तुम्हीही मनाचं ऐका. हे फॉरवर्ड आमच्या पोलादपूरच्या फॅमिली ग्रुपवर वर्षातून दोनदा तरी फिरतं. या वेळी फरक इतकाच की माझ्या चुलतभावाने ते मनावर घेतलं. तो महाडच्या एमआयडीसीत ठेकेदाराकडे कामाला आहे, वय २६, आणि गावच्या जाखडी मंडळात नाचतो, गातो, आता गाणी लिहायलाही लागलाय. त्याचा मेसेज आला, “ताई, नोकरी सोडून पूर्णवेळ यातच पडू का? लागूंनी सोडलीच होती ना?”

‘लमाण’ मी तेव्हा दुसऱ्यांदा वाचायला घेतलं, आणि सोबत ‘...आणि डॉ. काशिनाथ घाणेकर’ हा २०१८चा सिनेमा परत पाहिला.

आधी पुस्तक. लागूंचा जन्म १९२७चा, साताऱ्यातला. शिक्षण पुण्यात, बी. जे. मेडिकलला. नाक-कान-घशाचे सर्जन. पुढच्या शिक्षणासाठी कॅनडा, इंग्लंड. मधल्या काळात आफ्रिकेत टांझानियातही प्रॅक्टिस. पूर्णवेळ नट झाले ते १९६९ साली, वसंत कानेटकरांच्या ‘इथे ओशाळला मृत्यू’पासून. फॉरवर्डमध्ये एवढंच येतं. पुस्तकात जे पानोपानी आहे ते मात्र गळतं. कॉलेजात असल्यापासून हा माणूस नाटक करत होता. भालबा केळकरांच्या बरोबरीने पुण्यात पीडीए, म्हणजे प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशन उभी केली. दिवसा पेशंट आणि संध्याकाळी तालीम. मुंबईच्या ‘रंगायन’शीही संबंध. म्हणजे १९६९च्या मागे जवळपास दोन दशकांची हौशी, बिनपगारी, अत्यंत गंभीर उमेदवारी आहे.

आता थोडं माझ्या विषयातलं. शुद्ध पाणी अगदी स्थिर ठेवून हळूहळू गार करत नेलं, तर ते शून्य अंशाला गोठेलच असं नाही. उणे पाच, उणे दहा अंशांपर्यंतही ते द्रवच राहू शकतं. याला अतिशीत पाणी म्हणतात. मग त्यात धुळीचा एक कण पडतो किंवा बाटलीला धक्का लागतो, आणि बघता बघता बर्फाच्या सुया पसरत जातात. बघणारा म्हणेल, धक्क्याने बर्फ झाला. पण साध्या, वीस अंशांच्या पाण्याला तुम्ही दिवसभर धक्के मारलेत तरी काही होणार नाही. धक्क्याच्या आधी पाणी गार व्हायला जो वेळ लागला, गोष्ट त्या वेळात घडलेली असते.

लागूंची १९६९ ही धक्क्याची तारीख आहे आणि आपण तीच पाठ केली आहे. माझी ‘लमाण’वरची थोडी तक्रारही याच जागी आहे. हे मुख्यतः नाट्यप्रवासाचं पुस्तक आहे, आणि भूमिका कशी सापडली, वाक्य कुठे तोडलं, दिग्दर्शकाशी कुठे पटलं नाही, हे सगळं विलक्षण प्रामाणिकपणे येतं. पण पैशाचं आणि घराचं गणित मला हवं तेवढं सापडत नाही. प्रॅक्टिस सोडताना गाठीला काय होतं, घर कोणी सांभाळलं, नाटक चाललं नसतं तर परत दवाखाना उघडायचा विचार होता का? शोधनिबंधात मी ‘पद्धती’ हा विभाग इतका थोडक्यात उरकला असता तर परीक्षकांनी निबंध परत पाठवला असता. (लागूंना नट म्हणून लिहायचं होतं, संसारी माणूस म्हणून नव्हे, हे मला कळतं. तरीही.)

पुस्तकाच्या नावाबद्दल मात्र लिहायलाच हवं, कारण ते आमच्या भागात जास्त कळतं. लमाण म्हणजे बैलांच्या पाठीवर माल लादून इकडून तिकडे नेणारे. महाड हे सावित्रीकाठचं जुनं व्यापारी ठाणं. खाडीतून येणारा माल इथे उतरायचा आणि वरंधा घाटाने भोरकडे किंवा पोलादपूरवरून पार घाटाने वर जायचा. घाट चढणारे ते बैलांचे तांडे आज नाहीत, पण ती कल्पना आमच्या डोळ्यांना परकी नाही. लागू नटाला लमाण म्हणतात, म्हणजे माल त्याचा नव्हे, तो फक्त वाहून नेतो. लेखकाचा माल प्रेक्षकापर्यंत. ही विनम्रता झाली. मला त्यात दुसराही अर्थ दिसतो. एका आयुष्यातून दुसऱ्यात जाताना हा माणूस रिकाम्या हाताने गेलेला नाही. घशाचा सर्जन आहे तो. आवाज कुठून निघतो, स्वरतंतू कसे थकतात, श्वास कुठे धरायचा, हे त्याने शरीर उघडून पाहिलंय. पुढे त्यांनी ‘वाचिक अभिनय’ असं स्वतंत्र पुस्तक लिहिलं ते उगाच नाही. आणि २३ डिसेंबर १९७०ला ‘नटसम्राट’चा पहिला प्रयोग झाला तेव्हा त्रेचाळिशीतला हा माणूस म्हाताऱ्या, कोसळत चाललेल्या गणपतराव बेलवलकरांचं शरीर उभं करत होता. वृद्ध, आजारी माणसं वर्षानुवर्षं समोरच्या खुर्चीत बसवून तपासलेल्या डॉक्टरच्या त्या वेळी कामी काहीच आलं नसेल, हे मला पटत नाही. म्हणजे डॉक्टरकी ‘सोडली’ हे क्रियापदच अर्धवट आहे. तिचा बराचसा माल घाट चढून वर आला.

आता सिनेमा. घाणेकर मूळचे चिपळूणचे, दंतवैद्य. ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ या १९६२च्या कानेटकरांच्या नाटकातले संभाजी म्हणून गाजले आणि मग ‘अश्रूंची झाली फुले’मधला लाल्या. गंमत बघा, दोन्ही डॉक्टरांना व्यावसायिक रंगभूमीवर मोठी जागा मिळाली ती एकाच नाटककाराच्या शंभूराजांवरच्या नाटकांतून. रायगड किल्ला महाड तालुक्यात आहे, त्यामुळे आमच्याकडे या योगायोगाचा उगाचच अभिमान बाळगला जातो. मीही बाळगते.

अभिजीत देशपांडेंचा हा सिनेमा कांचन घाणेकरांच्या ‘नाथ हा माझा’वर आधारलेला आहे. सुबोध भावे घाणेकर झालेत आणि सुमीत राघवन लागू. शिट्ट्या, हाऊसफुल्लचा बोर्ड, एंट्रीला फुटणारं थिएटर, ही नशा त्यात इतकी नेमकी आलीय की पडदा आहे हे विसरायला होतं. मला सर्वांत आवडलं ते टाळ्यांचं व्यसन दारूच्या व्यसनाइतकंच गंभीर असल्यासारखं दाखवणं. पण सिनेमाला एक खलनायक हवा होता आणि तो त्याने ‘बदलता काळ’ म्हणून उभा केला, लागूंच्या चेहऱ्याने. जुना, भडक, लोकप्रिय नट एकीकडे आणि नवा, संयत, वास्तववादी नट दुसरीकडे. स्वतःला नव्याने घडवू शकला तो टिकला आणि नाही घडवू शकला तो संपला, असा सरळ हिशोब. सगळं स्वभावावर ढकललं की पटकथा सोपी होते. पण घाणेकर १९८६ साली गेले तोवरच्या त्या वर्षांत नुसता अभिनयाचा मापदंडच बदलत नव्हता. ज्याला बदलायचंय त्याला थांबायला, न कमावता शिकायला वेळ लागतो. लागूंना तो वेळ हौशी काळात, प्रॅक्टिसच्या जिवावर मिळाला. घाणेकर तरुणपणीच स्टार झाले. रोज रात्री हजार माणसं जुनाच लाल्या मागत असतील तर नवा कधी आणि कुठे घडवणार? हा प्रश्न सिनेमाच्या हाताशी होता, पण तो दारूच्या ग्लासात बुडाला.

नमुना निवडीबद्दल सांगायचं राहिलंच. लागू नाक-कान-घसा, घाणेकर दात, मोहन आगाशे मानसोपचार, जब्बार पटेल बालरोग. १९७२च्या ‘घाशीराम कोतवाल’चा दिग्दर्शक डॉक्टर आणि त्यातला नाना फडणवीसही डॉक्टर. मराठी रंगभूमीवर डॉक्टर इतके का, याची उत्तरं सहसा ‘संवेदनशीलता’, ‘माणसं वाचण्याची सवय’ अशी दिली जातात. असेलही. मला त्याहून साधं कारण दिसतं: वैद्यकीय पदवी मागे पडत नाही. पाच वर्षं नाटक करून माणूस परत आला तरी पाटी पुन्हा लावता येते. आगाशेंनी तर पाटी काढलीच नाही, ते बी. जे.मध्ये शिकवत राहिले आणि नटही राहिले. जब्बार पटेलांचा दौंडचा दवाखानाही असाच. रसायनशास्त्राच्या भाषेत या उलटवता येणाऱ्या अभिक्रिया आहेत. जिथे परतीची वाट उघडी आहे तिथे धाडसाची किंमत कमी असते. अशा चार माणसांवरून ‘मनाचं ऐका’ हा सर्वसाधारण नियम काढायचा, म्हणजे हेल्मेट घातलेल्यांच्या अपघातांवरून डोकं किती मजबूत असतं ते ठरवणं.

माझ्या भावाची अभिक्रिया उलटत नाही. ठेकेदाराकडे पाच पाळ्या चुकल्या की सहाव्या दिवशी त्याच्या जागी दुसरा उभा असतो.

आणि तरी त्याच्याकडे दोन दशकं नसली तरी दहा वर्षांचा सराव आहे. जाखडी ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी: मध्ये ढोलकी, झांज आणि गाणारा शाहीर, भोवती गोल करून नाचणारे, एका पायात चाळ. गणपतीत घरोघरी. शक्ती-तुऱ्याचा सामना असला की एका बाजूने प्रकृती मोठी, दुसऱ्या बाजूने पुरुष मोठा, आणि रात्रभर सवाल-जवाब. समोरच्याने टाकलेल्या कोड्याला जागच्या जागी, त्याच चालीत उत्तर बांधायचं. हे मी थिसिस डिफेन्सपेक्षा अवघड मानते. पूर्वी या मंडळांचा कणा म्हणजे मुंबईच्या गिरण्यांतले आमचे चाकरमानी. पाळी संपली की गाळ्यात तालीम, आणि भाद्रपदात रजा टाकून गाव. १८ जानेवारी १९८२ला गिरणी संप सुरू झाला. त्यानंतर नोकरीचा तो ठरलेला पगार आणि ठरलेल्या पाळ्या हळूहळू गेल्या, आणि त्यांच्याबरोबर तालमीचा ठरलेला वेळही. कला आणि नोकरी यांच्या ‘समतोलावर’ आपण चर्चासत्रं भरवतो, तेव्हा या माणसांचं नाव निघत नाही. कारण ते ज्यात मुरले होते त्याला कोणी करिअर म्हटलंच नाही. हौस म्हटलं. लागूंच्या पीडीएच्या वर्षांनाही हौसच म्हणत होते, पण १९६९नंतर ती वर्षं मागे वळून ‘जडणघडण’ ठरली. पुढचं यश आलं तरच मागच्या हौशीला हा बढतीचा कागद मिळतो.

भावाला मी काय कळवलं ते सांगते. सोडू नकोस असं म्हटलं नाही. म्हटलं, तू अजून किती अंशाला आहेस ते बघ. लिहिलेली गाणी दुसऱ्या मंडळांनी मागितली का? गावाबाहेर, तुला न ओळखणाऱ्या लोकांसमोर किती वेळा उभा राहिलास? रात्रपाळी मागून दिवसाच्या तालमी होतात का? आणि सोडलीच तर सहा महिने घरात कोण किती घालणार, हे काकांसमोर बसून कागदावर लिही. त्याने उत्तरात अंगठा पाठवला आणि पाठोपाठ एक नवीन सवाल, चालीसकट. तो चांगला होता.

लागूंबद्दल फॉरवर्डमध्ये कधीच न येणारी एक गोष्ट. १९८०च्या दशकात बाबा आढाव, नरेंद्र दाभोलकर यांच्यासोबत त्यांनी सामाजिक कृतज्ञता निधी उभा करायला मदत केली. नामवंत नट घेऊन ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग लावले आणि जमलेल्या पैशातून पूर्णवेळ काम करणाऱ्या सामाजिक कार्यकर्त्यांना मानधन द्यायची सोय केली. पूर्णवेळ व्हायचं तर दर महिन्याला कोणीतरी पैसे द्यावे लागतात, हे या माणसाला नीट माहीत होतं. मला त्यांच्या उडीपेक्षा हे जास्त महत्त्वाचं वाटतं.

लोककलावंतांसाठी आपल्याकडे सरकारी मानधन योजना आहे. महिन्याला ५,००० रुपये मिळतात. अर्ज करायला वय किमान ५० लागतं. लागूंनी उडी मारली ती बेचाळिशीच्या उंबरठ्यावर. माझ्या भावाला अजून चोवीस वर्षं आहेत.