गर्नशीम-संग्रह आणि छायाचित्रणाचा इतिहास

हेल्मुट गर्नशीम आणि त्यांच्या पत्नी अ‍ॅलिसन यांनी लिहिलेला छायाचित्रणाचा बृहद् इतिहास 1955 साली ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मुद्रणालयाने प्रसिद्ध केला. 1969 मध्ये त्याची सुधारून वाढविलेली आवृत्ती निघाली. या विषयाच्या अभ्यासकांनी त्यास दीर्घकाळ प्रमाणग्रंथ मानले, आणि त्यातील माहितीची व्याप्ती पाहता ते यथार्थच होते. परंतु ह्या ग्रंथाचे एक वैशिष्ट्य त्याच्या स्तुतिपाठकांच्या फारसे ध्यानात आलेले दिसत नाही. सामान्यतः इतिहासकार दुसऱ्यांनी जपलेल्या साधनांवरून इतिहास लिहितो. येथे साधने गोळा करणारा आणि त्यांचा अर्थ लावणारा एकच आहे. संग्रह आधी झाला, इतिहास त्यातून निघाला. आणि संग्राहकाची आवडनिवड इतिहासाच्या निकषांत नकळत मिसळून गेली.

गर्नशीम यांचा जन्म 1913 चा, म्यूनिकचा. छायाचित्रणाचे रीतसर शिक्षण तेथेच घेऊन ते 1937 मध्ये लंडनला आले. ते स्वतः व्यावसायिक छायाचित्रकार होते. वस्तूचे रेखीव, स्वच्छ, हाताची लुडबूड नसलेले चित्र हा त्यांच्या पिढीच्या जर्मन छायाचित्रणाचा आदर्श होता, आणि 1942 च्या आपल्या पुस्तकात त्यांनी त्याचाच पुरस्कार केला होता. अमेरिकन इतिहासकार बोमंट न्यूहॉल यांच्या प्रोत्साहनाने 1945 पासून त्यांनी जुनी चित्रे जमविण्यास आरंभ केला. व्हिक्टोरियन काळातील छायाचित्रांना त्या वेळी कोणी विचारीत नव्हते. पुढील अठरा वर्षांत सुमारे 35,000 चित्रे, काही हजार ग्रंथ व नियतकालिके, पत्रे आणि दोनशेहून अधिक उपकरणे त्यांच्याकडे जमली. ब्रिटनमध्ये छायाचित्रणाचे राष्ट्रीय संग्रहालय व्हावे ही त्यांची खटपट सफल झाली नाही. अखेर 1963 मध्ये ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठाने हा संग्रह विकत घेतला.

ह्या संग्रहातील मुकुटमणी म्हणजे नीसेफोर नीएप्स याचा कथलाच्या मिश्रधातूचा एक पत्रा. त्याचे आकारमान 16.2 × 20.2 सेंटिमीटर. त्यावर 'ज्यूडियाचे डांबर' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या द्रव्याचा पातळ लेप देऊन नीएप्सने तो कॅमेऱ्यात ठेवला आणि ल ग्रा येथील आपल्या घराच्या खिडकीतून दिसणारा देखावा त्यावर उमटविला. प्रकाश पडला तेथे लेप घट्ट झाला. न पडला तेथला लेप लव्हेंडरच्या तेलाने धुऊन निघाला. हे 1826 किंवा 1827 मध्ये घडले. 1827 साली नीएप्स इंग्लंडला गेला असता रॉयल सोसायटीपुढे आपला शोध मांडण्याची त्याची इच्छा होती. परंतु कृती उघड करण्यास तो तयार नसल्यामुळे ते जमले नाही. परत जाताना त्याने हा पत्रा वनस्पतींचे चित्रकार फ्रान्सिस बाउअर यांच्या स्वाधीन केला. 1898 च्या प्रदर्शनानंतर तो दृष्टिआड झाला. गर्नशीम यांनी चिकाटीने माग काढला आणि 1952 मध्ये लंडनमधील एका पेटीतून तो उजेडात आणला. दागेरच्या नावावर जमा झालेल्या श्रेयाचा हिशेब पुन्हा मांडावयास लावणारा हा शोध होता, हे निःसंशय.

तथापि पुढचा भाग समीक्षकाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. पत्र्यावरील प्रतिमा इतकी फिकट की, तो विशिष्ट कोनात कलता धरला तरच ती दिसते. समोरून पाहिल्यास तो केवळ मळकट आरसा वाटतो. ग्रंथात छापण्याजोगी प्रत मिळावी म्हणून मार्च 1952 मध्ये हॅरो येथील कोडॅकच्या संशोधनशाळेने त्याचे छायाचित्र घेतले. ते गर्नशीम यांना समाधानकारक वाटले नाही. तेव्हा मूळ चित्र जसे असावयास हवे असे त्यांना वाटत होते, त्याबरहुकूम त्यांनी जलरंगांनी त्या प्रतीवर स्वतः हात फिरविला. पुढे कित्येक दशके 'जगातील पहिले छायाचित्र' म्हणून पाठ्यपुस्तकांतून जे छापले गेले ते हेच. त्यातला तो ठिपक्याठिपक्यांचा पोत मूळ पत्र्यावर नाही. तो प्रतिकरणाच्या क्रियेत उत्पन्न झाला आहे. ज्या समीक्षकाने छायाचित्रावरील हस्तक्षेपाची आयुष्यभर हेटाळणी केली, त्याच्याच हातून इतिहासातील आद्य चित्राचे हे संस्करण व्हावे, यास केवळ योगायोग म्हणता येणार नाही. पाठचिकित्सेत खंडित हस्तलिखिताचे तुटलेले चरण संपादकाने आपल्या पदरचे घालून पुरे करावेत आणि ते कंसात टाकण्याचे विसरावे, तशातला हा प्रकार होय. पुरे करण्यास हरकत नव्हती. कंस मात्र हवा होता.

त्या चित्रात आवाराच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर ऊन दिसते, यावरून प्रकाशदर्शनाचा काळ आठ तासांचा असावा, असे गर्नशीम यांनी अनुमान केले होते. नीएप्सच्या कृतीची प्रयोगाने पुनरावृत्ती करणाऱ्या नंतरच्या संशोधकांच्या मते तो काळ काही दिवसांचा असणे अधिक संभवनीय आहे. म्हणजे त्या चित्रात 'क्षण' असा नाहीच. स्वतः नीएप्स अशा चित्रांना 'प्वँ द व्ह्यू' म्हणे. त्याचा साधा अर्थ देखावा; पण त्याच शब्दांत 'दृष्टिबिंदू' हाही अर्थ आहे, आणि तो येथे विसरून चालत नाही.

नावांचा हा प्रश्न सबंध विषयालाच चिकटलेला आहे. नीएप्सच्या मते त्याची विद्या 'सूर्यलेखन' होती. दागेरने आपल्या प्लेटला स्वतःचेच नाव दिले. 'फोटोग्राफी', 'निगेटिव्ह' आणि 'पॉझिटिव्ह' हे शब्द रूढ केले ते ज्योतिर्विद जॉन हर्शेल यांनी, 1839 व 1840 या दोन वर्षांत. टॅल्बटने मात्र 1839 च्या आपल्या निबंधात सावली स्थिर करण्याच्या कलेविषयी लिहिले होते; 'प्रकाशलेखना'ऐवजी 'छायाचित्र' पसंत करणारी मराठी ह्या बाबतीत टॅल्बटच्या पंगतीस बसते. कॅमेरा तर मूळचा लॅटिन शब्द, अर्थ कमानदार छताची खोली. पोर्तुगिजांबरोबर आलेला 'कमरा' आणि इंग्रजांबरोबर आलेला 'कॅमेरा' ही एकाच घराण्यातील भावंडे भारतीय भाषांत वेगवेगळ्या दारांनी शिरली आणि परस्परांना ओळखीनाशी झाली.

उपकरणांच्या बाबतीत गर्नशीम यांचे विवेचन काटेकोर असले तरी काहीसे कोरडे आहे. उपकरणे एका प्रकरणात आणि चित्रे दुसऱ्यात, अशी वाटणी त्यांनी केल्यामुळे यंत्राने चित्राला काय भाग पाडले, हे दिसेनासे होते. टॅल्बटचे लहान कॅमेरे म्हणजे ओंजळीत मावतील अशा लाकडी पेट्या. त्याची पत्नी त्यांना उंदरांचे सापळे म्हणे. पेटी लहान म्हणजे प्रतिमा लहान, आणि सारा प्रकाश तेवढ्याच जागेत एकवटत असल्यामुळे कागद लवकर काळा पडे. 1835 मध्ये लॅकॉक येथील जाळीदार खिडकीची त्याने घेतलेली निगेटिव्ह जेमतेम इंचभर आहे, याचे कारण हे. फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने 1851 मध्ये प्रसिद्ध केलेल्या कलोडियन पद्धतीत काच ओली असतानाच सर्व क्रिया उरकाव्या लागत. त्यामुळे 1855 मध्ये क्रायमियाच्या युद्धभूमीवर जाताना रॉजर फेंटनला मद्यविक्रेत्याची जुनी गाडी अंधारखोली करून बरोबर न्यावी लागली, आणि चढाईऐवजी छावणीच त्याच्या चित्रांत अधिक आली.

अशी सांगड घातली असती तर जूलिया मार्गारेट कॅमेरन हिच्याविषयीचा त्यांचा निर्णयही बदलता. कलकत्त्यास जन्मलेल्या ह्या बाईस 1863 मध्ये, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, मुलीने कॅमेरा भेट दिला. विस्मृतीत गेलेल्या ह्या कलावतीस 1948 च्या चरित्रग्रंथाने पुन्हा प्रतिष्ठा मिळवून दिली, हे गर्नशीम यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु त्यांनी तिच्या कामाचे दोन तुकडे पाडले: हर्शेल यांच्यासारख्या थोरांची मुखचित्रे श्रेष्ठ, आणि टेनिसनच्या काव्यावर बेतलेली पोशाखी रूपकचित्रे हास्यास्पद. वस्तुतः दोन्हींमागची दृष्टी एकच आहे. मोठी प्लेट, मंद उजेड, दीर्घ प्रकाशदर्शन यांमुळे येणारा धूसरपणा तिने दोष म्हणून टाळला नाही. भिंग फिरविता फिरविता चित्र सुंदर दिसू लागले की ती तेथेच थांबे, असे तिने स्वतःच नमूद केले आहे. 1867 च्या हर्शेल यांच्या चित्रात अंधारातून उजळणारे पिंजारलेले पांढरे केस आणि भेदक डोळे पाहून जो समीक्षक मुग्ध होतो, त्याने तीच रीत एखाद्या शेजारणीला राणी गिनिव्हर करताना वापरली म्हणून नाक मुरडावे, हे सुसंगत नाही. रेयलांडर याने 1857 मध्ये तिसाहून अधिक निगेटिव्ह जोडून सिद्ध केलेल्या भव्य नीतिचित्रावरही त्यांचा रोष याच जातीचा. हे चित्र खोटे, असे ते म्हणतात. ते कोणाला फसविते, हे मात्र सांगत नाहीत.

ह्या शेवटच्या प्रश्नाचा संबंध मुंबईशी पोचतो. मुंबईत 1854 मध्येच छायाचित्रण-संस्था स्थापन झाली होती आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या कार्यात प्रमुख भाग घेत होते. तेथील विल्यम जॉन्सन याने मुंबईतील जातिजमातींची चित्रे दोन खंडांत 1863 व 1866 साली प्रसिद्ध केली. त्यातील अनेक चित्रांत एकीकडे घेतलेल्या माणसांच्या आकृती दुसरीकडे घेतलेल्या देखाव्यावर बसविल्या आहेत. रेयलांडरचे जोडचित्र कला म्हणून वादात सापडले. जॉन्सनचे जोडचित्र वस्तुस्थिती म्हणून स्वीकारले गेले, आणि वाणी, कोळी, पारशी हे 'नमुने' म्हणून युरोपीय वाचकाच्या हाती पडले. हस्तक्षेपाची खरी चिकित्सा येथे आवश्यक होती. गर्नशीम यांच्या इतिहासाचा कणा पॅरिस-लंडन असल्यामुळे ती त्यात संभवत नव्हती. पुण्यात जन्मलेले नाट्यदिग्दर्शक इब्राहिम अल्काझी (1925–2020) यांनी एकोणिसाव्या शतकातील भारतीय छायाचित्रांचा विपुल संग्रह पुढे केला तेव्हा कोठे ही साधने एकत्र पाहण्याची सोय झाली. त्या संग्रहालाही संग्राहकाची दृष्टी आहेच. नाटकाच्या माणसाने जमविलेल्या चित्रांत पोशाख, पडदे आणि उभे राहण्याची ढब यांकडे नजर आधी जाते, आणि जॉन्सनच्या पानांवर पडदा कोठे संपतो व रस्ता कोठे सुरू होतो हे शोधण्यास नेमकी तीच नजर लागते.